इंजिनचं ऑइल इनटेकमध्ये जातंय, कसं थांबवायचं?
भाऊ, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) ऑइलनं ओली दिसते म्हणता ना, तर आधी डिपस्टिक बघा, लेव्हल मॅक्सच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ परत इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह, वेगळा निघत असेल तर काढून कानाशी हलवा, खटखट वाजला पाहिजे, माझा तर मागच्या मे महिन्यात काळ्या चिकट गाळानं पार जाम निघाला होता, नवा टाकला अन् बंद झालं. तरीही येऊन राहिलं तर व्हॉल्व्ह अन् इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या) मधे कॅच कॅन, म्हणजे वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा, बसवा, आत जाळीवालाच घ्या, नुसत्या रिकाम्या डब्यातून ऑइलची वाफ सरळ पुढे निघून जाते, आणि तो वेळेवर रिकामा करत जा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारा पाइप मात्र कधीच बुजवू नका, आत प्रेशर वाढून सील जातात. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या.