साठला कुरकुरणारी, नव्वदला गप्प बसणारी

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वडिलांची स्प्लेंडर इतकी वर्षं चालवलीस, कधी साठच्या पुढं गेली नाही. आता यामाहाची आर वन फाइव्ह, पुढं झुकून चालवायची स्पोर्ट गाडी, घेतलीस, आणि कराडला कामावर जाताना नागठाण्याच्या पुढं सहज मीटर बघावं तर काटा नव्वदला. “मी बदललो की गाडी?” असं विचारलंयस. घरचे म्हणतात पोराला मस्ती आली. थोडी असेलही, वयच तसं आहे. पण मस्तीत गाडी हाणणारा नव्वद बघून दचकत नाही, तू दचकलास. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

प्रत्येक गाडीचा एक वेग असा असतो की तिथं तिची कुरकुर थांबते. त्याच्या खाली ती कुठंतरी टोचते, वर गेलं की आणखी कुठं टोचते. मनगट, कंबर, कान, तळपाय यांना जिथं बरं वाटतं तिथं आपली रेसची मूठ न सांगता स्थिरावते. हा वेग कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला नसतो. तो हँडलच्या उंचीत, फुटरेस्टच्या जागेत, गिअरच्या दातांत असतो.

आधी स्प्लेंडरचं बघ. ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद आठ बीएचपीच्या आसपास, वजन ११२ किलो. बसायचं ताठ, छाती सरळ वाऱ्याला. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठचा ऐंशी केलास की रेटा पावणेदोनपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ अडीचपट. आठ बीएचपीच्या गाडीनं ती आणायची कुठून? मग इंजिन ओरडायला लागतं, फुटरेस्टमधून तळपायाला मुंग्या येतात, आरसा थरथरतो आणि मागच्या ट्रकचे दोन दिवे चार दिसतात. शर्टाची कॉलर फडफडून कानावर बसते. हे सगळे पहारेकरी होते. साठला थांबण्याचा शहाणपणा तुझा होता असं तू धरून चाललास. बराचसा तो गाडीचा होता.

आता नवी गाडी. क्लिप-ऑन हँडल, म्हणजे दोन सुटे दांडे, खाली, फुटरेस्ट मागं आणि वर, म्हणजे धड पुढं झुकलेलं. पोवई नाक्याच्या गर्दीत पंधरा-वीसच्या वेगात हे सगळं वजन मनगटांवर येतं आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून महामार्गाला लागलास, सत्तर-ऐंशी झाले, की समोरचा वारा छातीखाली उशी सरकवल्यासारखा तुला उचलून धरतो. मनगटं मोकळी होतात. या बैठकीत वेग हाच मनगटदुखीवरचा बाम आहे, आणि दुखणारा माणूस बाम लावतोच. त्यात पुढं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण. जो वारा स्प्लेंडरवर छातीवर बसायचा, तो इथं डोक्यावरून जातो. काच उंच करून घेतलीस तर तोही पहारेकरी गेला. मित्रानं सुचवलेलं ते मोठं व्हायजर म्हणूनच बसवू नकोस.

इंजिनाचं वळण वेगळंच आहे. १५५ सीसी, १८.४ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), पण ही ताकद १०,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्या झाल्यावर. ७,४०० च्या सुमारास व्हॉल्व्ह उघडणारी कॅम बदलते आणि आवाजाचा पोत बदलून गाडी पुन्हा एकदा उचलते. हे बक्षीस आहे. हाताला एकदा त्याची गोडी लागली की प्रत्येक गिअरमध्ये तो तिथवर जाऊन येतो. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहाच्या आरएक्स १०० चं व्यसन याच जातीचं होतं. टू-स्ट्रोक, खाली थंड आणि मध्यावर आली की एकदम बुंगाट. तो बुंगाटपणा सारखा हवा म्हणून लोक चौथा गिअर टाकायचं लांबवायचे.

याच्या उलट साडेतीनशेची बुलेट. चार स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. ३,००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. ते अजून ठोके म्हणून कळतात, ऐकायला गोड लागतात, आणि गडी पन्नास-साठला रमतो. ९,००० ला सेकंदाला ७५ ठोके झाले की त्यांचा एक सलग सूर होतो, त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही. पण बुलेटवाला सुरक्षित असंही समजू नकोस. २०२० साली त्याच कंपनीच्या मीटिऑरबरोबर जे नवं ३५० चं इंजिन आलं त्यात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. जुन्या बुलेटवर ऐंशीच्या पुढं पाय बधिर व्हायचे, नवीवर होत नाहीत. एक पहारेकरी तिथंही घरी गेला.

कमी ताकद म्हणजे कमी वेग हे मात्र अर्धंच खरं. छोट्या गाडीवर वेग कमवावा लागतो, म्हणून तो सोडवत नाही. यवतेश्वरच्या चढाला स्प्लेंडरवाला वळणाआधी ब्रेक लावत नाही, कारण एकदा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला की पुन्हा जोर धरायला पुढचं वळण येतं. गावातल्या गतिरोधकावर, एसटीच्या मागं, सगळीकडं त्याचा हाच हिशोब. टॉर्क, म्हणजे ओढ, भरपूर असलेल्या गाडीला वेग स्वस्त पडतो, म्हणून तो टाकूनही देता येतो. तुझ्या हातात अजून स्प्लेंडरचा कंजूसपणा आहे आणि बुडाखाली नवी गाडी. माझ्या मते तुझं खरं दुखणं इथं आहे. उंब्रजला पुलाच्या अलीकडं समोर गर्दी दिसली की तू मूठ सोडतोस, पण गिअर पाडत नाहीस. सहा गिअर आहेत, असिस्ट-स्लिपर क्लच आहे, मागचं चाक हिसका न देता गिअर पडतो. सहाव्यावरून चौथ्यावर ये, ऐंशीचे साठ होऊ दे. परत उचलायला तिला फार वेळ लागत नाही.

डोळ्यांचीही फसगत असते. डोळा रस्त्याच्या जितका जवळ आणि कडेच्या वस्तू जितक्या अंगाशी, तितका वेग जास्त भासतो. वडाच्या रांगेतल्या अरुंद रस्त्यावर पन्नास अंगावर येतात, रुंद महामार्गावर नव्वद म्हणजे टीव्ही बघत बसल्यासारखं. शिवाय अर्धा तास नव्वदला काढला की मेंदू त्यालाच नेहमीचं धरतो. मग सर्व्हिस रोडला उतरताना तुला वाटतं तीस झाले, असतात पन्नास. महामार्ग सोडल्यावर पहिला किलोमीटर अंगावर विश्वास ठेवू नकोस, मीटर बघ.

हिमालयन किंवा एक्सपल्स अशी खडबडीत रस्त्याची उंच गाडी घ्यायचा विचार डोक्यात असेल तर एवढंच ध्यानात घे, की उंच सीट आणि लांब शॉकअप खड्डा लपवतात. खडी लपत नाही. टायर सुटायचा त्याच वेगाला सुटतो, फक्त आधी बुडाला खबर मिळत नाही.

रात्रीचं मात्र नीट वाच. जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटमधून थेट चालतो. आरपीएम कमी तर उजेड पिवळा, मूठ पिळली की लख्ख. दिसत नाही म्हणून माणूस रेस वाढवतो आणि अंधारात आणखी जोरात जातो. इतकी उलटी रचना शोधून सापडायची नाही. तुझ्या एलईडीला तो दोष नाही, पण लो बीमची कड पाटी पुसल्यासारखी कापलेली असते. कडेच्या अलीकडं दिवस, पलीकडं काही नाही. कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट लागले आणि समोरचं कळायला एक सेकंद गेला असं धरलं, तर साठला थांबायला सुमारे ४० मीटर लागतात, ऐंशीला ६३, शंभरला ९२. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे साठला तीन मैदानं, ऐंशीला पाच, शंभरला सात. आता ऊसतोडीचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलात बुजलेला आणि ऊस हातभर बाहेर आलेला. तो तुझ्या लो बीममध्ये तीन मैदानं आधी दिसेल, याची खात्री नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, मैदानं कमी करून देत नाही. रात्री लो बीमवर पन्नास, हाय बीम लावता येत असेल तरच त्याच्या पुढं.

दिवसाचा हिशोब सोपा आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी आणि त्याहून रुंद रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, पालिका हद्दीत ६०, इतर रस्त्यांवरही ६०. पाटीवर त्याहून कमी लिहिलं असेल तर पाटी खरी. सातारा ते कराड पन्नासेक किलोमीटर. ऐंशीनं साडेसदतीस मिनिटं, नव्वदनं तेहतीस. वाचलेली चार मिनिटं कामाच्या गेटवर गाडी लावतानाच जातात.

आता गाडीकडं वळ. दुरुस्तीतली छोटी ढिलाईसुद्धा वेगाची सवय लावते, हे फार कुणी सांगत नाही. चेन सैल झाली की तीस-चाळीसला वरच्या गिअरमध्ये गाडी हिसके देते. हिसका नको म्हणून हात थोडी मूठ पिळतो, चेन ताणली जाते, गाडी मऊ चालते. दोन महिन्यांत हाताला चाळीसचा वेग नकोसाच होतो. चेन तपासताना चाक हातानं सावकाश फिरव आणि जिथं ती सगळ्यात ताठ होते तिथं खालच्या बाजूच्या मध्यावर बोटानं वर-खाली करून मोज. बहुतेक गाड्यांना ३० मिलिमीटरच्या आसपास खेळ लागतो, तुझ्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. सैल जागी मोजून आवळलीस तर ताठ जागी ती बेअरिंग खाईल. मागच्या हबमधले रबर गेले असतील तरी असाच हिसका येतो. चेन आवळून तो जात नाही, रबरच बदलावे लागतात. मुठीचा मोकळा खेळ कडेला तीन ते पाच मिलिमीटर ठेव. जास्त असला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं, त्यामुळं हळू चालवणं जिवावर येतं. कोनसेटला, म्हणजे हँडलच्या बेअरिंगला, खाच पडली असेल तर कमी वेगात हँडल डुलतं आणि वेगात गाडी सरळ वाटते. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडं फिरव. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट बदलायचा, नुसता आवळून उपयोग नाही.

सायलेन्सर बदलू नकोस. पहिले चार दिवस आवाज ऐकायला मूठ पिळशील, पाचव्या दिवशी कान त्याला सरावतील आणि वेगाची खबर देणारा तोही गेला. पोलीस पकडतील ते वेगळंच.

स्प्रॉकेटची, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाची, एक युक्ती आहे, पण घाईनं करू नकोस. समज पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं आहे. ते १३ चं केलं तर त्याच आरपीएमला वेग सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. म्हणजे कानाच्या हिशोबानं तू पंच्याऐंशीला स्थिरावत असशील, तर तोच सूर एकोणऐंशीला ऐकू येईल. किंमत अशी की पेट्रोल थोडं जास्त जातं, चेन छोट्या चाकावर वळते म्हणून लवकर झिजते. आणि वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवायला लागेल. चाकावर असेल तर फरक नाही. मेकॅनिककडून आधी ते बघून घे. उलट पुढचं स्प्रॉकेट मोठं करून मायलेज वाढवायचा सल्ला देणारेही भेटतील. त्यांच्या नादानं इंजिन आणखी गप्प होईल, तुला नको ते.

त्याआधी आठ दिवस नुसती नोंद कर. फोनमध्ये जीपीएसवर वेग लिहून ठेवणारं कुठलंही अ‍ॅप चालू कर आणि फोन खिशात टाक, हँडलवर लावू नकोस. नेहमीसारखा जा, मुद्दाम हळू नको. घरी येऊन बघ, शेंद्रे ते काशीळ या टप्प्यात गाडी सगळ्यात जास्त वेळ कोणत्या आकड्यावर होती. तोच तिचा आवडता वेग. मीटरशी ताडून बघशील तर मीटर थोडा जास्त दाखवत असेल. ते ठीक आहे, नियमाप्रमाणे त्यानं कमी दाखवायचं नसतं. मग तसल्याच वाऱ्यात, त्याच रस्त्यावर एक दिवस ठरवून सत्तरनं जा आणि उतरल्या उतरल्या लिही: मनगट कुठं दुखलं, मानेला काय झालं, कितव्या गिअरला इंजिन कंटाळलं. सत्तरला सहाव्याऐवजी पाचवा ठेवलास तर सूर थोडा चढतो, हाताला काम असल्यासारखं वाटतं आणि मूठ सरकत नाही. मनगटांसाठी पोट आवळून गुडघ्यांनी टाकी धर. वजन मांड्यांवर गेलं की वाऱ्याच्या उशीची गरज निम्मी होते. पहिले तीन-चार दिवस मांड्या भरून येतील.

नोंदीची वही घेऊन रविवारी ये. गाडी सकाळी काढायच्या आधी, टायर गार असताना हवा बघ आणि आकडा वहीतच लिहून आण. हवा कमी असली की हँडल जड होतं आणि मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा घ्याव्या लागतील.

तुझा
काका