ल्योंच्या बाजारातला रोखा आणि सांगलीची एफडी

प्रश्न असा आला आहे : "नमस्कार ताई. मी सांगलीचा, वय ६२, वीज खात्यातून निवृत्त. घर स्वतःचं, कर्ज नाही. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, २५ लाखांची एफडी फेब्रुवारीत पिकते, ७ लाख म्युच्युअल फंडात. पेन्शन २,९०० रुपये, महिन्याचा खर्च ३८ हजार. बायकोला नुकतीच साठ पूर्ण झाली. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, एफडी ७ टक्के देते, त्यापेक्षा ते २५ लाख एका आफ्रिकी देशाच्या सरकारी डॉलर-रोख्यांत टाका, पावणेनऊ टक्के मिळतील, दहा वर्षं बघायला नको. माझी मुलगी फ्रान्समध्ये ल्योंला असते. तिनं तिथल्या जुन्या बाजारातून ८ युरोला एक रशियन रोखा आणून दिलाय, फोटो जोडतो. जावई म्हणतात, इथले लोक दीडशे वर्षांपासून जगभर पैसा लावत आलेत, म्हणून हा देश श्रीमंत. मग आपणच का घाबरायचं?"

काका, फोटो मी मोठा करून पाहिला. रोखा म्हणजे बाँड, कर्ज दिल्याचा कागद. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदावरच छापलेलं आहे, म्हणून आधी तोच वाचू.

वर लिहिलंय : रशियन सरकारचं ५ टक्क्यांचं कर्ज, १९०६. खाली किंमत वेगवेगळ्या चलनांत : १८७.५० रूबल, म्हणजे ५०० फ्रँक; पुढे तेच पौंडांत आणि डच गिल्डरमध्ये. खालच्या अंगाला टपालाच्या तिकिटांसारखे छोटे चौकोन आहेत, ती कुपनं. दर सहा महिन्यांनी त्यातलं एक कात्रीनं कापायचं, बँकेच्या खिडकीवर द्यायचं आणि साडेबारा फ्रँक घ्यायचे. तुमच्या फोटोत वरच्या ओळी कापलेल्या दिसतात, सरळ रेषेत, अगदी निगुतीनं. खालच्या ओळी तशाच आहेत. जिथे कात्री थांबली, तिथे १९१८ साल आहे.

ज्यानं कुणी हा रोखा घेतला, त्याच्यापुढे तुमच्यासारखाच हिशोब होता. फ्रान्स सरकारचे स्वतःचे रोखे तेव्हा जेमतेम ३ टक्के सुटायचे. रशियाचा हा रोखा शंभराला ८८ या भावानं विकला गेला. म्हणजे ५०० चा कागद ४४० ला आणि वर्षाला २५ फ्रँक, साधारण पावणेसहा टक्के. जवळजवळ दुप्पट. शिवाय विकणारा कुणी लुंगासुंगा नव्हता. क्रेदी ल्योने ही मोठी बँक तुमची मुलगी राहते त्याच शहरात १८६३ मध्ये स्थापन झाली आणि पुढे गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. शिक्षक, नोटरी, दुकानदार, विधवा बाया असे सगळे तिथे बचत ठेवत. कोणता देश कर्ज फेडू शकतो आणि कोणता नाही, याचा अभ्यास करायला या बँकेनं १८७१ पासून वेगळं खातंच ठेवलं होतं. पण रोखे विकून मिळणारी दलाली बँकेची आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्या कागदाबरोबर राहायचं ते खातेदारानं. ठेवीदारांचा पैसा लांबच्या मुदतीत अडकवायचा नाही, हे तत्त्व बँकेनं स्वतःपुरतं कसोशीनं पाळलं.

रशियाच पुढे का आला, याचं कारण व्याजदरात नव्हतं, ते राजकारणात होतं. आधी रशियाला पैसा जर्मनी पुरवत असे. १८८७ मध्ये जर्मन चान्सेलर बिस्मार्कनं मध्यवर्ती बँकेला रशियन रोखे तारण घ्यायला मनाई केली. लगेच १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पहिलं मोठं कर्ज उभं राहिलं, ५० कोटी फ्रँकचं. मग दोन्ही देशांची लष्करी मैत्री झाली आणि रशियाला कर्ज देणं हे जणू देशकार्य ठरलं. पॅरिसच्या शेअर बाजारात परदेशी रोखे नोंदवायचे तर सरकारची संमती लागायची, त्यामुळे कुठे पैसा जाऊ द्यायचा आणि कुठे नाही, याची किल्ली मंत्रालयाकडे होती. वर्तमानपत्रंही गोडगोड लिहीत होती. ती तसं का लिहीत होती, ते नंतर कळलं. राफालोविच नावाचा रशियन अर्थखात्याचा माणूस पॅरिसमध्ये बसून संपादकांना पैसे वाटत होता. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर त्याचा पत्रव्यवहार सापडला आणि १९२३-२४ मध्ये 'ल्युमानिते' या कम्युनिस्ट दैनिकानं तो छापून टाकला.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. डिसेंबर १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कामगारांच्या सोव्हिएतनं, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींच्या समितीनं, उघड जाहीरनामा काढून सांगितलं होतं की झारनं जनतेविरुद्ध लढताना काढलेली कर्जं आम्ही फेडू देणार नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९०६ मध्ये, हे सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज विकलं गेलं आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या फ्रान्सनं उचलला. जपानशी युद्ध हरलेलं आणि देशात क्रांती पेटलेली, असं हे सरकार. त्याला नवं कर्ज हवं होतं ते बऱ्याच अंशी जुनं निभावण्यासाठी. बुडत्याचा पाय खोलात, हे बाहेरून दिसत होतं. पण पावणेसहा टक्केही दिसत होते.

फेब्रुवारी १९१८ मध्ये क्रांतीतून सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी एका हुकमानं झारची सगळी परदेशी कर्जं रद्द केली. पुढे ऐंशी वर्षं हे कागद फ्रेंच माळ्यांवर ट्रंकांत पडून होते. १९९६-९७ च्या करारानुसार रशियानं ४० कोटी डॉलर देऊन विषय मिटवला, तेव्हा तीन लाखांहून जास्त लोकांनी कागद पुढे केले. पणजोबांच्या बचतीचा वाटा म्हणून पणतवंडांच्या हाती जे पडलं, त्याला परतफेड म्हणवत नाही. तुमच्या मुलीनं तो ८ युरोला घेतला, हाच काय तो भाव.

आता जावयांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. १९१४ मध्ये फ्रेंचांची परदेशातली गुंतवणूक सुमारे ४५ अब्ज फ्रँक होती, म्हणजे जगात ब्रिटनच्या खालोखाल. सुरुवात रेल्वेनं झाली. १८५० नंतर पेरेर बंधू आणि रोथशिल्ड या बँकवाल्यांच्या चढाओढीत स्पेन, ऑस्ट्रिया, इटलीत फ्रेंच पैशानं रूळ पडले. मग तुर्कस्तान, इजिप्त, दक्षिण अमेरिका. यादी लांबलचक आहे आणि बघायला झकास वाटते. पण त्या ४५ अब्जांतले ११ अब्जांच्या वर एकट्या रशियात होते, म्हणजे चारातला एक. आणि उरलेल्यातही पुष्कळसा भाग एकाच जातीचा : कुठल्यातरी अडचणीतल्या सरकारला ठरावीक व्याजानं दिलेलं कर्ज. तुर्कस्ताननं १८७५ मध्ये हात वर केले, इजिप्तनं १८७६ मध्ये. मेक्सिकोत फ्रेंच फौजांनी बसवलेल्या माक्सिमिलियन बादशहासाठी पॅरिसमध्ये रोखे विकले आणि १८६७ मध्ये बादशहालाच गोळ्या घातल्या गेल्या. देश वेगवेगळे होते, धोका एकच होता. याला मी गुंतवणूक विभागणं म्हणत नाही.

उलट उदाहरणही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलते असं वाटेल. सुएझ कालव्याच्या कंपनीचे १८५८ मध्ये ५०० फ्रँकचे चार लाख शेअर निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त फ्रेंच लोकांनी घेतले. १८६९ मध्ये कालवा सुरू झाल्यावर भाव इतका पडला की निम्माही राहिला नाही. ज्यांनी कळ काढली त्यांचं पुढच्या पिढ्यांपर्यंत भलं झालं, कारण त्यांच्या हातात कालव्यातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या पथकरातला हिस्सा होता. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासेरनं कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं तरी भरपाई मिळाली आणि कंपनी दुसऱ्या धंद्यांत टिकली. अर्थात सुएझची कंपनी काढणाऱ्या याच लेसेप्सनं नंतर पनामा कालव्याचा घाट घातला. 'सुएझवाले साहेब आहेत' म्हणून लाखो लोकांनी पैसे दिले, १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि संसद-वर्तमानपत्रांत लाच वाटल्याचं तीन वर्षांनी बाहेर आलं. तेव्हा मालकी म्हणजे सुखरूप, असंही नाही.

तरी आजचा फ्रेंच पैसा बाहेर जातो तो मुख्यतः मालक म्हणून. कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीनं २०१५ मध्ये आयगेट ही आयटी कंपनी घेतली, श्नायडर या दुसऱ्या फ्रेंच कंपनीनं लार्सन अँड टुब्रोचा स्विचगियरचा धंदा २०२० मध्ये विकत घेतला. वीज खात्यात नोकरी केली म्हणजे हा स्विचगियर तुम्ही हातानं बसवला असेल. जावई ज्या श्रीमंतीकडे बोट दाखवतात, ती या प्रकारची. मॅनेजर तुम्हाला देतोय तो १९०६ चा प्रकार आहे.

'सरकार आहे, बुडणार नाही' हे वाक्य तर मी आता ऐकूनसुद्धा घेत नाही. झांबियानं २०२० मध्ये, श्रीलंका आणि घाना यांनी २०२२ मध्ये बाहेरच्या कर्जाचे हप्ते थांबवले. २०२२ मध्येच निर्बंधांमुळे रशियाचे डॉलर-रोखे अडकले, १९१८ नंतर पहिल्यांदा. सरकार आपल्या लोकांना आपल्या चलनात पैसे छापून देऊ शकतं, डॉलर छापू शकत नाही. जो देश डॉलरवर पावणेनऊ टक्के द्यायला तयार आहे, त्याला त्याहून स्वस्तात कुणी देत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मात्र भक्कम आहे. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. थोडा पैसा डॉलरमध्ये असावा हे मला मान्य. फ्रेंचांनाही हे कळलं : १९२८ मध्ये फ्रँकची सोन्यातली किंमत अधिकृतपणे पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आली, तेव्हा नुसते घरचे रोखे धरून बसलेल्यांचे हाल झाले आणि डॉलर-पौंडांतली चांगली मालमत्ता असलेले तरले. तेव्हा बाहेर जावंसं वाटणं चूक नाही. पण तुमच्या ६२ लाखांतले २५ म्हणजे चाळीस टक्के. फ्रान्सनं रशियात पाव हिस्सा घातला तर आपण त्याला वेडेपणा म्हणतोय.

आता रुपये-आणे. २५ लाख एकाच नावानं बाहेर पाठवलेत तर वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर सध्या २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापला जातो. हातात २५ च असतील तर २.५ लाख टीसीएसला जाऊन प्रत्यक्षात २२.५ लाखच बाहेर पोचतील. तो कर रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोवर बिनव्याजी अडकतो. साडेबावीस लाखांवर पावणेनऊ टक्क्यांनी १,९६,८७५ रुपये. चलन बदलण्याचा फरक आणि बँकेचे खर्च मिळून एक टक्का धरला तर २२,५०० गेले. उरले १,७४,३७५. एफडी ७ टक्क्यांनी देते १,७५,०००. पहिल्या वर्षी तुम्ही घानासारखा धोका पत्करून ६२५ रुपये कमी मिळवाल! पुढच्या वर्षांत हे प्रमाण सुधारेल, काकूंच्या नावानं अर्धे पाठवले तर टीसीएसही कमी बसेल, हे खरं. पण सगळं सुरळीत झालं तरी, डॉलरचा भाव आहे तसाच धरला, तर वरकड कमाई वर्षाला ४३,७५० च्या पुढे जात नाही. शिवाय दरवर्षी प्राप्तिकराचा साधा आयटीआर-१ फॉर्म सोडून आयटीआर-२ भरून परदेशी मालमत्तेचा तपशील द्यायचा, तो राहिला तर दंडाची भीती.

आणि हे २५ लाख तुमच्याकडे पडून नाहीत. बचत योजनेचे महिन्याला २०,५००, एफडीचे साधारण १४,६००, पेन्शन २,९००. बेरीज केलीत तर बरोबर ३८ हजार होते. दूध, वीजबिल आणि काकूंच्या गोळ्या त्या एफडीवर चालतात.

माझं मत : रोखे घेऊ नका. काकूंना साठ पूर्ण झाली आहेत, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांच्या नावानं वेगळं खातं निघतं, ३० लाखांपर्यंत. फेब्रुवारीत एफडी पिकली की त्यातले २० लाख तिथे टाका, सध्या ८.२ टक्के आहेत. ५ लाख एफडीतच अडीअडचणीला ठेवा. मिळून वर्षाला १,९९,००० होतात, म्हणजे आत्तापेक्षा २४ हजार जास्त. पैसे तुम्ही दिलेले असल्यानं ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या आत असल्यानं कर शून्यच. परदेशाची हौस ७ लाखांच्या म्युच्युअल फंडातून भागवा : त्यातले दीड-दोन लाख जगभरच्या कंपन्यांत जाणाऱ्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे लावणाऱ्या) वळवा, चार-पाच हप्त्यांत. काही फंड नवे पैसे घेणं मधूनमधून बंद करतात, तेव्हा आधी चौकशी करा.

मॅनेजर पुन्हा घरी येईल, तिमाही संपत आली की ते येतातच. वाईट माणूस नसतो तो, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. त्याला चहा द्या आणि एवढंच विचारा की या विक्रीवर बँकेला किती टक्के मिळतात आणि तीन वर्षांनी मला पैसे लागले तर हा रोखा कोण, कोणत्या भावानं परत घेईल. दोन्ही उत्तरं त्याच्याकडून लेखी मागा. आणि तो रशियन रोखा फ्रेम करून घ्या; फ्रेम कोचाच्या समोरच्या भिंतीवर असली तर बरं.