आधी पलटणीचा नंबर, मग नाव: मेसोपोटेमियात गेलेल्या पणजोबांचा शोध

ताई, तुमच्या प्रश्नातून हाताला लागतं ते एवढंच: पणजोबा खेडचे, पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याच्या लढाईत', म्हणजे मेसोपोटेमियात (आजचं इराक) गेले आणि परतले नाहीत, घरात पंखवाल्या बाईचं एक पितळी रंगाचं मेडल आहे, आणि आजी सांगायच्या की ते 'पाचव्या मराठात' होते. एवढ्यावर तुम्ही एका कचेरीत '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' असं लिहून अर्ज केलात आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. ते उत्तर मलाही पाठ आहे. अडचण तुमच्या अर्जातल्या त्या एका आकड्यात आहे, म्हणून मोहिमेचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. फाओला उतरणं, कुटला तुर्कांचा वेढा, मग बगदाद घेणं, हा क्रम तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

'पाचवी मराठा' म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एकत्र करून जी रेजिमेंट झाली, तिचंच नाव '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री' होतं. त्या रेजिमेंटची पाचवी बटालियन, म्हणजे 'रॉयल', ही महायुद्धातली ११७ मराठा. आणि 'काळी पाचवीं' या नावाने आजही ओळखली जाते ती दुसरी बटालियन. ती युद्धात १०५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती आणि १९०३ च्या आधी ५वी बॉम्बे. हिंदुस्थानचा सरसेनापती किचनर याने १९०३ मध्ये मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या नंबरात सरळ शंभर मिळवले, त्यामुळे पाचवीची झाली १०५ आणि सतरावीची झाली ११७.

हा फरक किरकोळ नाही. ११७ मराठा सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला उतरलेल्या १६व्या ब्रिगेडमध्ये ती होती, एप्रिल १९१५ मध्ये शैबाला लढली आणि शेवटी कुटच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांच्या कैदेत गेली. १०५ त्या वेढ्यात नव्हतीच. ती मेसोपोटेमियातून १९१८ मध्ये पॅलेस्टाइनला गेली. म्हणजे चुकीची 'पाचवी' धरली, तर जो माणूस नाझरेथच्या वाटेवर असायचा त्याला आपण कुटमध्ये उपाशी मारतो. घरोघरच्या कथांत हे सर्रास झालेलं आहे. कुटमध्ये सापडलेल्या मराठा पलटणी तीन: १०३, ११० आणि ११७. त्या १९२२ मध्ये अनुक्रमे पहिली, तिसरी आणि पाचवी बटालियन झाल्या. ११६ ची चौथी झाली आणि ११४ ची बेळगावची दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. तिसरीचा आणखी एक घोळ आहे. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज २ पॅरा आहे, त्यामुळे ११० च्या वारसांनी नेमकं कुणाला विचारायचं यावरच महिने जातात.

तेव्हा आधी मेडलची कड वाचा. समोरची बाजू नाही, जाडीची कड. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पॉलिश किंवा चिंच अजिबात लावू नका. घासून घासून अक्षरं गेलेली मेडलं पुष्कळ पाहिली आहेत. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेने आडवा धरा, मेडल हळूहळू फिरवा आणि फोटो काढत जा. दिसलं नाही तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा. तिथे १०५ दिसते की ११७, एवढ्यावर अर्धं काम होतं. नंबर मात्र त्या त्या पलटणीपुरताच असतो. ११७ चा १९०० नंबर आणि १०५ चा १९०० नंबर ही दोन वेगळी माणसं, म्हणून नुसत्या नंबरावर कुणाला नातेवाईक करून घेऊ नका.

पंखवाल्या बाईचं मेडल म्हणजे व्हिक्टरी मेडल. ते एकटं दिलं जात नसे, सोबत चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. चांदी असल्यामुळे ते बहुतेक घरांतून सोनाराकडे गेलं. खरा प्रश्न तिसऱ्याचा आहे. १९१४-१५ चा स्टार, चार टोकांचा, ज्याचं नाव मागच्या बाजूला असतं, तो घरात कधी होता का? काकू-आत्यांना विचारा. तो स्टार ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धभूमीवर पोचलेल्यांनाच मिळाला आणि कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला. त्यामुळे ११७ च्या माणसाकडे स्टार असेल तर तो वेढ्याच्या आत होता, किंवा आधीच पडला होता, किंवा जखमी-आजारी होऊन मागे बसऱ्याला अथवा मुंबईला आलेला होता. स्टार मिळालेलाच नसेल तर तो १९१६ मध्ये किंवा त्यानंतर युद्धभूमीवर पोचला, म्हणजे कुटचा कैदी नाही. पलटण कैद झाली म्हणून ती संपली नाही. मागे राहिलेली माणसं आणि नवे रंगरूट यांच्यावर तिन्ही पलटणी पुन्हा उभ्या केल्या गेल्या. हे ध्यानात न घेता '११७ म्हणजे कुटचा कैदी' असं लिहून टाकणारे लेख नेटवर भरपूर आहेत. (तेच लोक पॅलेस्टाइनमधल्या हैफाच्या लढाईच्या फोटोखाली 'मराठा शौर्य' लिहितात. हैफा जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी घेतलं. असो.)

नंबर हाती आला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था) साइटवर शोधा, पण नावाने सुरुवात करू नका. रेजिमेंटच्या जागी इंग्रजीत जुन्या पद्धतीने, h आणि दोन t घालून 'महराटा' लिहा आणि 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन'मध्ये गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. भारतीय शिपायांची नावं तिथे बरेचदा पूर्णच्या पूर्ण आडनावाच्या रकान्यात कोंबलेली असतात. जाधवचं स्पेलिंग पाच प्रकारे मिळतं आणि कित्येकांना आडनावच नसतं. वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय 'सापडले' म्हणू नका. तुमच्या बाबतीत जास्त जपा, कारण खेड रत्नागिरी जिल्ह्यातही आहे आणि पुणे जिल्ह्यातही, आजचं राजगुरुनगर. जिल्हेही तेव्हाचे धरा: सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत, सांगलीकडचा बराच भाग साताऱ्यात, आणि रायगड म्हणजे कुलाबा. मिळालेली यादी उतरवून घेता येते. ती तारखेप्रमाणे लावली की चित्र आपोआप उभं राहतं. २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची तारीख म्हणजे बगदादजवळची टेसिफोनची लढाई, आजचं सलमान पाक. १०३ चा माणूस २४ डिसेंबरला पडला असेल तर तो बहुधा कुटच्या किल्ल्यावरचा त्या रात्रीचा हल्ला. मे १९१६ नंतरची असेल आणि माणूस कुटमध्ये सापडलेला असेल तर कैद: शुमरान, बगदाद, समारा, मोसुल आणि पुढे रास अल-ऐनला रेल्वेचं काम. कैदेतल्या तारखांवर फार भिस्त ठेवू नका, तिथे कुणी वही घेऊन बसलेलं नव्हतं.

नोंदीत 'बसरा मेमोरियल' दिसलं की लोक तिकिटं बघायला लागतात. थांबा. ते थडगं नाही आणि मृत्यूची जागाही नाही. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं ते एकत्रित स्मारक आहे. त्यात उत्तरेला मोसुलकडे मेलेलेही आहेत आणि फाओला पडलेलेही. मूळ ते बसऱ्याजवळ माकिलच्या गोदीजवळ होतं. १९९७ मध्ये उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसरा शहरापासून ३२ किलोमीटरवर नेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे जाऊनही पणजोबांचं नाव भिंतीवर दिसणार नाही. गोऱ्यांची नावं आहेत, हिंदुस्थानी ऑफिसरांची आहेत, पण शिपाई-नायकांचा पलटणीखाली फक्त आकडा. नावं नोंदवहीत आणि आता ऑनलाइन. इराकमधल्याच अमाराचं, नदीच्या डाव्या तीरावरचं भारतीय स्मशान तर याहून कठीण: सुमारे पाच हजार माणसं, ओळख पटलेली फक्त नऊ. कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली, ते बरं झालं. पण भिंत आहे तशीच आहे, म्हणून एवढ्यासाठी इराकला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्यांना जायचंय त्यांनी जावं.

मृत्यूचं कारण 'आजार' लिहिलेलं असेल तर हिरमुसू नका. मेसोपोटेमियात गोळीसारखीच रोगानेही हजारो माणसं नेली. कुटमध्ये गोऱ्यांना पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी झाला आणि आपल्यांना स्कर्व्ही, कारण शिधा पीठ-डाळीचा, भाजी नाही आणि घोड्याचं मांस बहुतेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारलं. कुटमधल्या फौजेचा सेनापती टाउनशेंड याने त्यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्याही मागवल्या, तोवर फार उशीर झाला होता. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनच्या १९१७ च्या अहवालात दवाखान्यांच्या दुर्दशेचं वाचा, पण जेवणानंतर नको.

आता त्या कचेरीबद्दल. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एखाद्या भल्या कारकुनावर उगाच राग निघेल. पण पद्धत अशी आहे: १९४७ आधीचं विचारलं की लंडनकडे बोट, आणि लंडनला विचारलं की कळतं, साध्या शिपायाची वैयक्तिक फाइल तिथे ठेवलेलीच नाही, पलटणींच्या वॉर डायऱ्या (रोजच्या घडामोडींच्या नोंदवह्या) आहेत, त्यातही नावं गोऱ्या ऑफिसरांची. पंजाबसाठी लाहोरच्या संग्रहालयातल्या नोंदवह्या ऑनलाइन आल्या, तीन लाखांहून जास्त माणसांच्या. आपल्याकडे तसं काही हाताशी नाही, म्हणून कचेरीला दोष देताना हात थोडा आखडता घ्या. अर्ज पुन्हा कराच, फक्त 'तत्कालीन ११७ मराठा, १९२२ पासून ५ रॉयल बटालियन' (किंवा कडेवर जे निघेल ते) असं दोन्ही नावांनी, कडेचा फोटो जोडून आणि एकाच माणसाबद्दल एकच प्रश्न विचारून. तीन प्रश्न विचारलेत की तिन्हींना मिळून एकच नकार येतो. शंभर पौंडांत 'संशोधन' करून देणाऱ्यांपासून लांब राहा, ते हीच फुकटची नोंद छापून पाठवतात.

गावाकडे तलाठी कार्यालयात १९१६ ते १९२१ चे जुने फेरफार मागा. वारस नोंदीत 'मयत' झाल्याचा उल्लेख आणि कधी कधी 'लढाईवर' असा शेरा सापडतो. ती तारीख नोंदीची असते, मृत्यूची नाही. कोकणात मात्र खोतीची गावं होती. जमीन खोताच्या नावावर असेल तर तुमच्या घराचा फेरफार निघणारच नाही, मग कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, जन्माची नोंद तरी पाहा, वडिलांचं नाव पक्कं होतं. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर 'या गावातून इतके गेले' असा संगमरवरी दगड असला तर त्यावर आकडाच असेल, पण तो आकडा तुमच्या यादीशी ताडून बघा.

आणि कडेवर मराठा पलटण न निघता लेबर किंवा पोर्टर कोअर, म्हणजे मजूर-हमालांची तुकडी, निघाली, तर वरचं निम्मं गैरलागू. मी सरकारी माणूस नाही, हे सगळं कागद चाळून जमवलेलं आहे, तेव्हा चूक दिसली तर दुरुस्त करा. अशा फॉलोअर (न लढणाऱ्या) लोकांना ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझचं मिळालं, चांदीचं नाही, आणि त्यांच्या नोंदी सगळ्यात तुटक आहेत. तेव्हा आधी कडेचा फोटो इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.