वाचकांचे प्रश्न: अर्पिता सिंग इतकी वर्षं होत्या कुठे?

प्रश्न: नमस्कार ताई, मी लंडनला असते. 2025 च्या उन्हाळ्यात केन्सिंग्टन गार्डन्समधल्या सर्पेंटाइन गॅलरीत चित्रकार अर्पिता सिंग यांचं ‘रिमेंबरिंग’ नावाचं प्रदर्शन पाहिलं. तिकीट वगैरे नव्हतं म्हणून सहज आत गेले आणि मग निघवेना. पण तिथे वाचलं की भारताबाहेरच्या एखाद्या संस्थेत त्यांचं हे पहिलंच सोलो (म्हणजे फक्त त्यांच्या एकटीच्या कामाचं प्रदर्शन), आणि त्यांचं वय तेव्हा 87! एवढी मोठी बाई इतकी वर्षं होती कुठे? इतक्या उशिरा कशी काय सापडली? आणि दुसरं, चित्रांत सगळीकडे मोटारी, विमानं, पिस्तुलं, फुलं, बदकं, मध्येच आकडे आणि अक्षरं, हे सगळं काय आहे? मला तर आधी लहान मुलाने काढल्यासारखं वाटलं, रागावू नका. – एक वाचक, लंडन

उत्तर: रागावायचं कशाला, तुम्ही आत जाऊन नीट बघितलंत आणि वर प्रश्न पाठवलात, याचंच बरं वाटलं. पण इतकी वर्षं होत्या कुठे याचं उत्तर आधी देते कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या इथेच होत्या, दिल्लीत, आणि प्रदर्शनं करत होत्या. एकदा दोनदा नाही, सतत.

जन्म 1937 चा, कलकत्त्याजवळच्या बारानगरचा. वडील लवकर गेले, मग आई मुलांना घेऊन दिल्लीला आली. दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये 1954 ते 59 असं चित्रकलेचं शिक्षण झालं आणि तिथल्याच मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप होता, त्या ग्रुपबरोबर 1960 च्या सुमाराला पहिल्यांदा चित्रं भिंतीवर लागली. नंतर विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागाच्या विणकरांसाठीच्या केंद्रात, डिझायनरची नोकरी. ही सरकारी केंद्रं म्हणजे त्या काळात चित्रकारांचा मोठा आधार होता, आपले प्रभाकर बरवेसुद्धा याच केंद्रांत नोकरीला होते, आधी बनारसला आणि मग मुंबईला. तिथे दिवसभर सूत, वीण, साड्यांचे काठ, बुट्टे हेच डोळ्यासमोर. अर्पिता सिंग यांच्या पुढच्या चित्रांत चारी बाजूंनी जी किनार येते, फुलाफुलांची, कधी आकड्यांची, ती पाहताना हे सगळं आठवतंच, आणि बंगालमधल्या बायका जुन्या साड्यांचे थर जोडून कांथा शिवतात ते पण आठवतं.

पहिलं सोलो 1972 मध्ये, दिल्लीच्या कुणिका केमोल्ड गॅलरीत, रोशन अल्काझी यांनी भरवलेलं. (केमोल्ड म्हणजे मुंबईच्या केकू गांधींची, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर जी गॅलरी होती तीच मंडळी.) तेव्हा त्या पस्तिशीत होत्या, लग्न झालेलं, नवरा परमजीत सिंग हेही चित्रकार. आता यात उशीर कुठे झाला सांगा.

पण सोलोनंतर त्यांनी काय केलं ते मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. नुकतं कुठे नाव व्हायला लागलेलं असताना त्यांनी माणसं, वस्तू, रंग सगळं बाजूला ठेवलं आणि सत्तरच्या दशकात बरीच वर्षं नुसत्या रेघा आणि ठिपके काढले, कागदावर, बहुतेक काळ्या शाईत. रेघ, तिच्यावर रेघ, मग खरवडायचं, परत ठिपके. लांबून बघितलं तर विणलेलं कापड वाटतं आणि जवळ गेलं की हात किती वेळा त्याच जागेवरून गेलाय ते कळतं. ही कामं विकायला अवघड, लोकांना समजायला त्याहून अवघड. तरी केली. आणि मग ऐंशीच्या दशकात बायका, मोटारी, फुलं, बदकं असं सगळं परत आलं ते या सरावाच्या जोरावर आलं, म्हणून त्यांच्या तैलरंगातल्या चित्रांमध्येसुद्धा पृष्ठभाग असा खडबडीत, टाके घातल्यासारखा दिसतो.

आता उशिराचा मुद्दा. उशीर झाला तो संस्थांना. भारतातली चित्रकला म्हणून बाहेर जे एकत्रित शो जायचे त्यात त्यांची चित्रं असायची, 1982 ला लंडनच्या रॉयल अकॅडमीत, 1986 ला पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरला. पण एकत्रित शोमध्ये तुमची एक-दोन चित्रं, पुढे नाव आणि जन्मवर्ष, संपलं. एका बाईचं सगळं काम घेऊन खोल्याच्या खोल्या भरायला पैसा लागतो, अभ्यास करणारा क्युरेटर (चित्रं निवडून प्रदर्शन मांडणारा) लागतो, आणि हे काम तेवढ्या योग्यतेचं आहे असं कुणालातरी वाटावं लागतं. आपल्याकडेसुद्धा त्यांचा पहिला मोठा रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, 2019 मध्ये झाला, दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये, रुबिना करोडे यांनी क्युरेट केलेला, सहा दशकांचं काम एकत्र. तेव्हा वय 81. ते म्युझियम स्वतःच 2010 मध्ये सुरू झालेलं, म्हणजे त्याआधी पन्नास वर्षं ही बाई काम करतेय आणि तिचं सगळं काम एका छताखाली आणावं असं देशातल्या कुठल्याच मोठ्या संस्थेने केलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो. पुरुष चित्रकारांचं सगळं वेळेवर झालं असं नाही म्हणत मी, पण त्या पिढीच्या बायकांना फारच वाट बघावी लागली.

आणि खरी हिंमत बघायची असेल तर 1987 कडे बघा. चित्रकार नलिनी मलानी (आपल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या) 1979 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या होत्या, तिथे बायकांनी मिळून चालवलेली ए.आय.आर. नावाची गॅलरी पाहिली आणि परत येऊन ठरवलं की भारतात फक्त बायकांचं एक मोठं प्रदर्शन करायचं. पाठिंबाच मिळाला नाही, ते बारगळलं. मग मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख या चौघींनीच मिळून ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ नावाचा शो केला. 1987 ते 89, पाच ठिकाणी फिरवला, सुरुवात भोपाळच्या भारत भवनपासून, मग बेंगळुरू, आपलं जहांगीर, दिल्ली असं करत. आणि चित्रं कशी, तर बरीचशी जलरंगातली, कागदावरची. मोठ्या मोठ्या कॅनव्हासचा जमाना होता तो, आणि जलरंग म्हणजे हौशी लोकांचं काम समजायचे. पण कागद गुंडाळून नेता येतो, घरात टेबलावर काम करता येतं, वेगळा स्टुडिओ लागत नाही. माझ्या मते आपल्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात या शोचं नाव सूझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या पहिल्या प्रदर्शनाइतकंच ठळक लिहायला हवं होतं, आणि किती विद्यार्थ्यांना ते माहीत असतं?

बाजारात मात्र त्यांचं नाव आधीच पोचलं होतं. ‘विश ड्रीम’ नावाचं 16 पॅनलचं भलंमोठं चित्र 2010 मध्ये लिलावात साडेनऊ कोटींच्या वर गेलं, पद्मभूषण मिळालं 2011 मध्ये. म्हणजे कोट्यवधींना चित्र विकलं गेलं तरी पहिला रेट्रोस्पेक्टिव्ह व्हायला अजून आठ-नऊ वर्षं होती. किंमत आणि अभ्यास या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत ते असं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मोटारी आणि पिस्तुलांचा. लहान मुलासारखं वाटलं यात चूक काही नाही, कारण त्या मुद्दामच एकाच अंतरावर सगळं मांडतात, जवळचं मोठं आणि लांबचं लहान असा नियम पाळत नाहीत, मोटार माणसाच्या डोक्याशेजारी तरंगते. पण ‘माय मदर’ हे 1993 चं चित्र घ्या. पुढे आई उभी आहे, मोठी, म्हातारी, साडीतली, शांत. आणि तिच्या मागे अख्खा रस्ता पेटल्यासारखा, युनिफॉर्ममधली माणसं, पळापळ, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली प्रेतं. सगळं छोटं छोटं, खेळण्यासारखं काढलेलं. साल बघा, बाबरीनंतरच्या दंगलींचं. मुंबईत तो डिसेंबर-जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. प्रेतं जर हुबेहूब काढली असती तर आपण नजर फिरवली असती, अशी काढली म्हणून आपण बघत राहतो आणि मग हळूहळू लक्षात येतं की हे काय आहे. त्यांच्या चित्रातल्या म्हाताऱ्या बायका, सुटलेली पोटं, ओघळलेली अंगं हेसुद्धा तसंच, कुठे लपवालपवी नाही आणि कीवही नाही. 1990 च्या ‘देवी पिस्तूलवाली’मध्ये तर देवीच्या हातात पिस्तूल आहे आणि तरीही ती आपल्या शेजारी राहणारी कुणी बाई वाटते. आकडे आणि अक्षरं मला विचाराल तर वाचायचा प्रयत्न करू नका फार, ती आधी टाक्यासारखी बघा, अर्थ लागला तर लागला.

एक लक्षात आलं का, तिथे कागदावरच्या चित्रांवर उजेड कमी असणार. जलरंग आणि शाई उजेडाने उडतात म्हणून म्युझियममध्ये साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात आणि अशी कामं फार महिने सलग लावत पण नाहीत. त्यामुळे ही चित्रं परत एकत्र बघायला मिळायला वेळ लागेल, तुम्ही निवांत बघितलीत ते छान केलंत.

प्रश्न: ताई, वय 52. लग्नाआधी जी.डी. आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा) केलं होतं, मग सगळं सुटलं, आता मुलगी हॉस्टेलला गेल्यावर परत रंग काढलेत. जहांगीरला अर्ज करू का? घरचे म्हणतात आता या वयात कशाला. – एक वाचक, सांगली

उत्तर: करा. घरच्यांना वरचं उत्तर वाचायला द्या.

पण दोन-तीन गोष्टी सांगते. जहांगीरला (मंगळवार ते सोमवार असा आठवडा मिळतो तिथे) नंबर लागायला काही वर्षं जातात हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे तेवढ्यावर बसून राहू नका. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन, यांना एक-दोन चित्रं पाठवत राहा, रिजेक्ट झाली तरी पाठवा. सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या छोट्या हॉलमध्ये दोघी-तिघींनी मिळून करा, भाडं वाटलं जातं आणि रोज हॉलवर बसायला सोबत होते. मैत्रिणी शोधा आधी, गॅलरी नंतर.

आणि आजपासून एक वही घाला. प्रत्येक चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, साइज, कुठे लावलं, कुणाकडे गेलं, फोन नंबरासकट. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलने तेच लिहा, बॉलपेन नको, कागदावर उमटतं. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, फ्रेम करायच्या आधी, काचेवर चकाकी येते नंतर. रेट्रोस्पेक्टिव्ह करताना निम्मं काम हे चित्रं कुठल्या घरात आहेत ते हुडकण्याचं असतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांची चित्रं याच कारणाने कायमची हरवली, कुणाला दिली, कुठल्या ऑफिसात लागली, कुणीच लिहून ठेवलं नाही. विकलेल्या चित्राबरोबर आपल्या सहीचा एक कागद द्या आणि त्याची कॉपी वहीत चिकटवा.

जहांगीरचा अर्ज मात्र आत्ताच भरा, नंबर लागेपर्यंत चित्रं होतात.