सातवा महिना चालू आहे. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवता येते का, की पाळी येईपर्यंत थांबावं?

थांबू नका, तांबी बाळंतपणातच बसवता येते: वार पडल्यावर 10 मिनिटांत, नाहीतर 48 तासांच्या आत, आणि सिझर झालं तर गर्भाशयाला टाके घालण्याआधी. ती वेळ हुकली की मग सहा आठवड्यांनंतरच. सरकारी कुटुंब नियोजनाच्या नियमांत हेच आहे. संमती कळांच्या गडबडीत देण्यापेक्षा आताच्याच तपासणीत सांगून कार्डावर नोंद करून घ्या.

पाळीची वाट पाहण्यात खरा धोका आहे. बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पाळी न येताही दिवस राहतात. दूध पाजण्याचं संरक्षण तिन्ही अटी एकत्र असतील तरच धरायचं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणी, घुटी सुरू झाली की भरवसा संपला.

मात्र बाळंतपणात बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, तेव्हा सहा आठवड्यांनी तपासून घ्याच. पाणमोट फुटून 18 तास उलटले असतील, ताप असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर ती त्या वेळी बसवत नाहीत. अशा वेळी 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी दूध पाजतानाही चालते.