लेप्टोवरची लेखमाला, पुरस्काराची प्रवेशिका आणि ‘माहिती संकलित नाही’

तुमची पोस्ट वाचली. साप्ताहिकात लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप) लेखमाला छापून आली, ती पुरस्काराला पाठवायची आहे, आणि आरोग्य कचेरी तीन वर्षांचे आकडे मागितले की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ म्हणते. वर ‘सिंधुदुर्गात बसून लिहिणाऱ्याची दखल घेतो कोण’ हा प्रश्न. दुखणं ओळखीचं आहे. संपादकांचं पत्र, तारखेसह कात्रण हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

प्रवेशिका पडते ती भाषेवरून नाही, आकड्यांवरून. आणि आकडे अडतात ते अर्जाच्या शब्दांवरून. माहिती अधिकारात कचेरीकडे असलेला कागद मिळतो, तुमच्यासाठी नवा तक्ता तयार करून मिळत नाही. ‘तालुकावार किती रुग्ण, किती दगावले, उपाययोजना का झाली नाही’ असं विचारलंत की पहिल्या दोन प्रश्नांना ‘संकलित नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘का’ला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००८चा निकालच दाखवतात: कारण विचारणं म्हणजे माहिती मागणं नव्हे.

एका कचेरीने (नाव नको, जिल्हाही नको) आमच्या कामाची अशीच वाट लावली. मुदत संपता संपता ‘संकलित नाही’, अपिलात ‘अर्जात एकाहून जास्त विषय’, आणि तोवर प्रवेशिकेची तारीख गेलेली. तेच आकडे दरम्यान मंत्र्यांच्या आढावा बैठकीत पडद्यावर झळकले, म्हणजे संकलित होतेच. असो.

म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. साथरोग सर्वेक्षणात आरोग्यसेविका एस फॉर्म (लक्षणांवरून संशयित) भरते, वैद्यकीय अधिकारी पी फॉर्म (तपासून संभाव्य), प्रयोगशाळा एल फॉर्म (चाचणीत सापडलेले). ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राचे जून ते ऑक्टोबरचे पी आणि एल फॉर्म, आठवडावार, छायाप्रती’ असं लिहा. अलीकडच्या नोंदी आयएचआयपी या सरकारच्या साथरोग नोंदीच्या पोर्टलवर असतात, त्यांची छापील प्रत मागा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे मृत्यूंचा अर्ज वेगळा करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो.

बरेच जण आपटतात ते इथे: प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. दोन्हीकडे अर्ज टाका. चुकीच्या दारात टाकलात तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३)खाली त्यांनी तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला आणखी ३० ते ४५. डिसेंबरअखेरची प्रवेशिका असेल तर गणपतीआधी अर्ज गेलाच पाहिजे.

आकडे हातात आले की खरी डोकेदुखी सुरू होते. दोन ठिकाणची बेरीज जुळत नाही, कारण एकाने संशयित मोजलेले असतात, दुसऱ्याने निश्चित. जंतू अंगात गेल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. ताप आल्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या रक्तात आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं) बहुतेकदा सापडतच नाही, त्या काळात जंतूचाच अंश शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी. प्रतिपिंडं मोजणाऱ्या मॅट चाचणीसाठी काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागतात आणि दुसऱ्यात प्रतिपिंडं चौपट वाढलेली दिसावी लागतात. दुसऱ्या नमुन्यापर्यंत माणूस एकतर बरा होऊन शेतात गेलेला असतो किंवा दगावलेला. त्यामुळे ‘निश्चित’चा आकडा कायम लहान दिसतो आणि प्रेसनोटमध्ये नेमका तोच येतो. प्रत्येक आकड्याशेजारी कोणती चाचणी, नमुना तापाच्या कितव्या दिवशी आणि रुग्ण कोणत्या व्याख्येत बसला हे लिहा. आलेख काढताना नोंदीची तारीख नको, ताप आल्याची तारीख धरा. नाहीतर चिखलणी-लावणीशी लागणारा धागाच तुटतो.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८,४९,६५१. एवढ्या लहान जिल्ह्यात मृत्यू दोनाचे चार झाले म्हणून ‘दुपटीने वाढ’ असा मथळा देऊ नका. परीक्षकांत एखादा साथरोगतज्ज्ञ असला तर तिथेच फुली मारेल.

माझ्या मते तुमच्या लेखमालेतली सगळ्यात दमदार बाजू लेप्टो होऊ नये म्हणून वाटायच्या गोळ्यांची आहे, आणि ती तुम्ही दोन ओळींत उरकलीत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल. हजार शेतकरी, सहा आठवडे: १२,००० कॅप्सूल. आता आरोग्य केंद्राची औषध साठा नोंदवही मागा. आवक कधी, किती, उपकेंद्राला कधी दिल्या, शिल्लक किती. साठाच ४,००० चा असेल आणि तोही लावणी उरकल्यावर आला असेल, तर ‘सर्व शेतकऱ्यांना गोळ्या वाटल्या’ या दाव्यावर वेगळी टीका करायची गरजच उरत नाही. (गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना सहसा ही गोळी देत नाहीत, हिशेबातून त्यांना वगळा. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधाचा मजकूर छापण्याआधी डॉक्टरांच्या नजरेखालून घाला.)

दखलीबद्दल. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडला विंचूदंशाचे रुग्ण तपासत होते. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजला, २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात चाचणीचे निष्कर्ष, आणि पद्मश्री २०२२ मध्ये. बिर्वाडी-महाडच्या नोंदी पुरेशा ठरल्या, कारण त्या तारीखवार आणि नेमक्या होत्या. वर्षं किती लागली तेही बघून ठेवा.

एक आगाऊ सल्ला, पटला तर घ्या. दर्पणकार जांभेकर सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे, त्यामुळे ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, आपल्याकडे सत्कारांची झोड उठते. ज्या खात्यावर लिहिता त्याच्या हातून शाल-श्रीफळ घेऊ नका. पुढच्या वर्षी त्याच साहेबांसमोर अपिलाला उभं राहायचं असतं.

आणि हो, एल फॉर्मवर रुग्णांची नावं-पत्ते असतात. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अख्खा अर्ज फेटाळायला एवढं निमित्त पुरतं. ‘नावे व पत्ते झाकून, कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा’ हे वाक्य अर्जातच टाका. गाव मात्र झाकू देऊ नका, निदान उपकेंद्र तरी मागाच. त्याशिवाय नकाशा काढता येणार नाही.