दिवाळीला येतोयस, तर…

इंदूर, वसुबारस

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

जूनपासून सहा किलो उतरवलंस याचं कौतुक आहेच, पण फोनवर म्हणालास ना, "मावशी, फराळाला हातच लावणार नाही," ते काही मला पटलं नाही. असला निश्चय मी दोनदा करून पाहिलाय. दोन्ही वर्षी पाडव्याच्या रात्री सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, शंकरपाळे मुठीने खाल्ले. झाकण वाजू नये म्हणून डब्याभोवती पदर गुंडाळला होता!

काल बेसनाचे लाडू वळताना एक काट्यावर ठेवला. 40 ग्रॅम भरला. आपलं घरचं माप तुला माहीत आहे, बेसन-साखर सारखी आणि तूप निम्मं. म्हणजे 16 ग्रॅम बेसन, 16 साखर, 8 तूप. साखरेच्या ग्रॅमला 4 कॅलरी, बेसनाला जवळपास तेवढ्याच, तुपाला 9. बेरीज 200 ला टेकते. तेवढ्या खर्च करायला तुला पाऊण तास तरी भरभर चालावं लागेल. पण सकाळी एक लाडू खाल्लास तर काही बिघडत नाही. बिघडतं ते संध्याकाळी. पोटभर जेवून रामबागेत पाच घरी जायचं आणि प्रत्येक घरी "नुसता चहा, थोडा चिवडा".

म्हणून फराळ जेवणाऐवजी खा, जेवणावर नको. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की चकली, करंजी, लाडू सगळं ताटलीत घेऊन नीट बसून खा, तीच त्या दिवसाची न्याहारी. मग त्यावर पोहे-जिलबी नाही. (पोहे वाफेवरचे असतात, त्यांचं एवढं काही नाही रे, वरची मूठभर शेव आणि शेजारची जिलबी घात करते.) दुपारी वरण, भाजी, कोशिंबीर, दोन पोळ्या.

आता आग्रहाचं. आपल्यात आग्रह, शेजारच्या माळवी घरात मनुहार. नाव वेगळं, वाढणारा हात तोच. तिथे नुसतं "नको" चालत नाही, "डाएट आहे" तर मुळीच म्हणू नकोस, सगळं घर तुझ्या पोटावर चर्चा करत बसेल. "आत्ता पोट भरलंय, बांधून द्या" म्हण. त्यांना दिल्याचं समाधान, आणि डबा येईल माझ्या ताब्यात. या बाबतीत सगळ्यात वाईट मीच आहे. तू नको म्हणत असताना तुझ्या ताटात आणखी एक लाडू टाकणार, हे आत्ताच लिहून ठेवते. तेव्हा ताटावर सरळ हात आडवा धर. मी रुसेन, पाच मिनिटं.

सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार चुकवायचा नाही. मात्र रात्री खायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहू नकोस. दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडून गाड्या लागेपर्यंत तुझा धीर सुटलेला असेल, आणि मग पहिल्या गाडीवरच दोन प्लेटी. घरून मुगाची उसळ नाहीतर दही-पोळी खाऊन निघू. चौघांत एक भुट्ट्याचा कीस, एक प्लेट गराडू, म्हणजे तळलेला कंद, जिरावण मसाला आणि लिंबू मारून. जिलेबा, ती भली मोठी जिलबी, लांबून बघू.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नकोस. दीड-दोन किलो जास्त दिसेल आणि तू "सगळं गेलं" म्हणून उरलेला डबाही संपवशील. गोडधोडातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी राहतं, शिवाय चकली-चिवड्याचं मीठ पाणी धरतं. किलोभर चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे असे अडतीस लाडू. तेवढे मी केलेलेच नाहीत. आठवडाभर नेहमीचं खा, मग बघ. आणि या पाच दिवसांत वजन उतरवायचा नाद सोड, आहे तिथे राहिलं तरी खूप झालं.

गाडी पहाटे पोचते ना? उटणं काढून ठेवलंय. वजनकाटा पलंगाखाली ढकललाय, कुठे आहे विचारायचं नाही.

तुझी,
मावशी